रेल्वेचं तिकीट स्वस्त, मग उरलेले पैसे कोण भरतं?

मध्यंतरी आम्ही नगर तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि चहा येईपर्यंत गप्पा रंगल्या. विषय निघाला बीडच्या रेल्वेचा. एक मावशी म्हणाल्या, "एसटीत आम्हाला अर्धं तिकीट. मग रेल्वेत का नाही?" शेजारी बसलेल्या ताईंचं माहेर आष्टीकडचं. त्यांची काळजी वेगळीच होती. "अर्ध्या तिकिटाचं राहू द्या हो. कधी कधी गाडीत माणसंच दिसत नाहीत. तोटा होतो म्हणून बंद तर नाही ना करणार?"

दोन्ही प्रश्न आम्ही सोबत घेऊन आलो. प्रश्न दोन असले तरी त्यांचं मूळ एकच आहे. आपण खिडकीवर जे पैसे देतो, त्यात गाडीचा खर्च निघतो का? निघत नसेल तर बाकीचे पैसे कुणाच्या खिशातून जातात? आज याच हिशोबाची वही उघडू या. गटाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला हा हिशोब अवघड नाही.

आधी आपल्या रेल्वेची थोडी हकीकत. नगर जिल्ह्याला रेल्वे नवी नाही. दौंड ते मनमाड हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ ज्या वर्षांत पडला, त्याच वर्षांतलं हे काम, आणि ते सरकारी पैशानं झालेलं. त्याच्याही आधी, मुंबईहून पहिले रूळ टाकणाऱ्या इंग्रज कंपनीला सरकारनं हमी दिली होती, की तुमच्या भांडवलावर पाच टक्के परतावा नक्की मिळेल. रेल्वेच्या कमाईतून तो निघाला नाही तर सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून, भरून देऊ. सांगायचं कारण असं, की आपल्या देशात रेल्वे केवळ तिकिटाच्या पैशावर उभी राहिली असं पहिल्यापासूनच झालेलं नाही.

आता बीडची रेल्वे. अहिल्यानगर, बीड, परळी वैजनाथ असा हा २६१ किलोमीटरचा नवा मार्ग. त्याला मंजुरी मिळाली १९९५-९६ साली. तेव्हा खर्च धरला होता ३५३ कोटी रुपये. आज तोच खर्च ४,८०५ कोटींवर गेला आहे, म्हणजे तेरापटीहून जास्त. किलोमीटरला साधारण साडेअठरा कोटी पडले. जमिनीचे भाव वाढले, लोखंड-सिमेंट महागलं, मजुरी वाढली, आणि काम रखडलं तसा आकडा फुगत गेला. घर बांधायला काढून अर्धवट ठेवलं की दर पावसाळ्यानंतर खर्च वाढतो, तसंच हे. या मार्गाचा निम्मा खर्च केंद्राचा आणि निम्मा महाराष्ट्र सरकारचा. म्हणजे राज्याच्या वाट्याला २,४०० कोटींवर रक्कम आली.

२३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते आष्टी ही ६६ किलोमीटरची गाडी सुरू झाली. पुढं १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती थेट बीडपर्यंत गेली. नगर ते बीड १६७ किलोमीटर. बीडच्या पुढचं परळीपर्यंतचं काम त्या वेळी बाकी होतं. ज्या मुली मंजुरीच्या वर्षी जन्मल्या, त्यांची लेकरं आता शाळेत जातात. इतकी वाट पाहून आलेली गाडी तोट्यात म्हटल्यावर ताईंच्या जिवाला घोर लागणारच.

आता वहीकडे वळू. रेल्वेचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक, मार्ग बांधण्याचा. तो एकदाच होतो. गटानं कर्ज काढून पिठाची गिरणी बसवावी, तसा. दुसरा, गाडी चालवण्याचा. तो रोजचा. गिरणीचं वीजबिल, पट्टा, दळणाऱ्या बाईचा पगार, तसा. गाडीला डिझेल किंवा वीज लागते, चालक लागतो, गार्ड लागतो. रूळ तपासणारे लोक उन्हातान्हात चालत असतात. स्टेशन मास्तर, फाटकवाला, सिग्नलची दुरुस्ती, डब्यांची धुलाई हे सगळं आलं. शिवाय देशभरातल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचं पेन्शन आहे. एकूण खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा त्यातच जातो.

यातली मेख अशी, की रोजच्या खर्चाचा मोठा भाग गाडी भरली तरी तेवढाच आणि रिकामी गेली तरी तेवढाच असतो. एक उदाहरण घेऊ. समजा, बाजारच्या दिवशी गटानं चोवीस जणींची मिनी बस ठरवली. भाडं १,२०० रुपये. चोवीस जणी गेल्या तर प्रत्येकीला खर्च पडला ५० रुपये. पण गटानं ठरवलं, की मजुरीवर जाणाऱ्या बाईला एवढे परवडत नाहीत, आपण ३० रुपयेच घेऊ. मग जमले ७२० आणि तूट आली ४८० रुपयांची. ही तूट गटानं जाणूनबुजून सोसली. आता समजा, सहाच जणी आल्या. जमले १८० आणि तूट झाली १,०२० रुपयांची. बस तीच, रस्ता तोच, डिझेल तेवढंच.

म्हणजे तूट दोन कारणांनी येते. एक, तिकीट खर्चापेक्षा कमी ठेवलं म्हणून. दुसरी, खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून. पहिली तूट हा धोरणाचा भाग आहे. दुसरी मात्र आपण कमी करू शकतो. सातवी बाई बसली की बसचं भाडं वाढत नाही, पण गटाच्या पेटीत ३० रुपये जास्त पडतात. या दोन तुटींची गल्लत झाली की "रेल्वे तोट्यात आहे" हे एकच वाक्य उरतं आणि पुढचा विचार थांबतो.

आता देशाचा आकडा. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं, की प्रवासी सेवेला १०० रुपये खर्च येतो तेव्हा प्रवाशाकडून ५४ रुपये घेतले जातात. उरलेल्या ४६ रुपयांची सवलत प्रत्येक प्रवाशाला मिळते. सगळ्या देशाची मिळून ही रक्कम वर्षाला ५६,९९३ कोटी रुपये होते. पुढं मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत त्यांनी किलोमीटरचा हिशोब दिला. एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च १ रुपया ३८ पैसे, आणि घेतले जातात ७३ पैसे.

हा आकडा नगर ते बीडला लावून पाहू. १६७ किलोमीटरला १ रुपया ३८ पैशांनी होतात साधारण २३० रुपये. आपलं साध्या गाडीचं तिकीट मात्र पन्नास रुपयांच्या आतच आहे. अर्थात १ रुपया ३८ पैसे ही देशभराची सरासरी झाली. त्यात वातानुकूलित डबे आले, मुंबईची लोकल आली, आपली डेमू गाडीही आली. प्रत्येक गाडीचा खरा खर्च वेगळा. तरी दिशा कळायला एवढं पुरे. साध्या गाडीचं तिकीट खर्चाच्या आसपासही नसतं. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणारे, त्यांनीही वेळोवेळी हेच लिहिलं आहे, की एसी थ्री टियरसारखा एखादा वर्ग सोडला तर प्रवासी वाहतुकीचे बहुतेक वर्ग तोट्यात चालतात.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथंच सापडतं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. पण एसटी महामंडळ ती सवलत पदरमोड करून देत नाही. उरलेल्या अर्ध्या तिकिटाची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. तिथं किती बायका बसल्या, किती रुपये सरकारनं द्यायचे, याचा चोख हिशोब निघतो. रेल्वेचं तसं नाही. तिथं बाई असो की पुरुष, सगळ्यांचंच तिकीट मुळात खर्चापेक्षा कमी ठेवलेलं आहे, आणि म्हणूनच साध्या गाडीचं पूर्ण तिकीट एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडतं. पण या तुटीपोटी नगर-बीड गाडीचे इतके रुपये घ्या, असं म्हणून कुणी वेगळी रक्कम रेल्वेच्या हातावर ठेवत नाही.

मग रेल्वे ती तूट भरते कुठून? मुख्यतः मालगाडीतून. २०२३-२४ साली रेल्वेला मालवाहतुकीतून सुमारे १ लाख ६८ हजार कोटी मिळाले आणि प्रवाशांकडून सुमारे ७० हजार कोटी. मालगाडीवर जो नफा होतो, त्यातून प्रवासी गाडीची तूट भरली जाते. आपल्याकडं म्हशीच्या दुधाच्या पैशावर घरच्या गाईचा चारा निघतो, तसं.

पण मालगाडीचे पैसे तरी कुठून येतात? रेल्वेच्या मालात जवळजवळ निम्मा कोळसा असतो. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, तिथं कोळसा रेल्वेनंच येतो. कोळशाचं भाडं जास्त लागलं की वीज तयार करायचा खर्च वाढतो, आणि तो शेवटी वीजबिलात उतरतो. खत रेल्वेनं येतं, सिमेंट येतं, धान्य जातं. म्हणजे तिकिटात वाचलेले काही पैसे आपण दुसऱ्या दारानं भरतच असतो. जी बाई कधी रेल्वेत बसलीच नाही, तीसुद्धा विजेचा दिवा लावताना थोडे भरते. म्हणून रेल्वे "फुकट" चालते असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा, फुकट काहीच नसतं. कुणी भरायचं, एवढाच प्रश्न असतो.

या रीतीला मर्यादाही आहे. मालाचं भाडं फार वाढवलं तर व्यापारी माल ट्रकनं पाठवतो. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला बहुतेक माल रेल्वेनं जायचा. आज तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. माल ट्रकवर गेला की म्हैस आटली म्हणायची. मग गाईचा चारा कुठून आणायचा? २०२३-२४ साली रेल्वेनं १०० रुपये कमावले तेव्हा चालवण्यावर ९८ रुपये ४३ पैसे खर्च केले. हाती उरला दीड रुपया. नवे रूळ, नवे डबे, नवे पूल यांना लागणारा मोठा पैसा मग केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पातून किंवा कर्जातून येतो. २०१७ पर्यंत रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडत असत. त्या वर्षापासून तो देशाच्या अर्थसंकल्पात मिळवला.

पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री कुठं लागते, हे आपण पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत थांबवली गेली. तोवर ५८ वर्षांवरच्या बाईला मेल-एक्सप्रेसच्या तिकिटात ५० टक्के सूट होती. करोनानंतर साध्या गाड्या सुरू झाल्या त्या 'स्पेशल' म्हणून, आणि कमीत कमी तिकीट दहाचं तीस रुपये झालं. पुढच्या स्टेशनला भाजी विकायला जाणाऱ्या बाईला जायचे तीस आणि यायचे तीस. दिवसाच्या कमाईतून साठ रुपये वजा झाले, की टोपली घरीच ठेवलेली बरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते तिकीट पुन्हा दहा रुपयांवर आलं. १ जुलै २०२५ ला भाडं वाढलं तेव्हा साध्या गाडीच्या दुसऱ्या वर्गाला ५०० किलोमीटरपर्यंत हात लावला नाही. छोट्या अंतराचा प्रवास कोण करतं, हे वाढ करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आता ताईंचा प्रश्न. गाडी बंद होऊ शकते का? खोटा धीर देणं बरं नाही. गाड्या बंद पडतात. खानदेशात पाचोरा ते जामनेर छोटी गाडी धावायची, लोक तिला 'पीजे' म्हणत. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. इंग्लंडमध्ये १९६३ साली बीचिंग नावाच्या साहेबांनी अहवाल दिला, की तोट्याचे मार्ग बंद करा. पुढच्या काही वर्षांत दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद झाली. गावं तुटली. पुढं त्यातले काही मार्ग पुन्हा सुरू करायची वेळ आली. जर्मनीनं दुसरी वाट धरली. १९९६ पासून तिथली राज्यं स्थानिक गाड्या स्वतः ठरवतात. कोणत्या मार्गावर दिवसाला किती फेऱ्या हव्यात हे राज्य सांगतं, केंद्राकडून आलेल्या निधीतून त्याचे पैसे देतं आणि चालवणाऱ्याशी करार करतं. तूट तिथंही आहेच. पण ती वहीत उघड लिहिलेली आहे आणि ती भरणारा कोण, हेही ठरलेलं आहे. आपल्या एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा हिशोब असाच असतो. आम्हाला वाटतं, नगर-बीडसारख्या मार्गासाठीही कधीतरी असं उघडपणे ठरायला हवं. मार्ग बांधताना राज्यानं निम्मे पैसे दिले. मग गाडी कोणत्या वेळेला सुटावी, किती फेऱ्या व्हाव्यात, यात राज्याचा आणि लोकांचा आवाज का नसावा?

कारण छोट्या मार्गाचं खरं दुखणं फेऱ्यांत आणि वेळेत असतं. गाडी सुरू झाली तेव्हा ती रविवार सोडून आठवड्यातले सहा दिवस होती. फेरी कमी, वेळ गैरसोयीची, की माणसं एसटी किंवा वडाप धरतात. माणसं नाहीत म्हणून तूट वाढते. तूट वाढली म्हणून फेरी वाढत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान उघडत नाही, आणि दुकान उघडत नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. हे चक्र कुठंतरी तोडावं लागतं.

आणि या वहीत न लिहिलेली जमाही असते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार ही ऊसतोड कामगारांची गावं. तिथली एखादी मुलगी नगरला राहण्याचा खर्च न करता रोज कॉलेजला जाऊ शकली, तर तिचं लग्न दोन वर्षं पुढं जातं. एखादी बाळंतीण वेळेत मोठ्या दवाखान्यात पोहोचते. हा फायदा तिकीट खिडकीवर जमा होत नाही, पण तो खरा असतो. शाळेतून किती पैसे मिळाले असं आपण विचारत नाही. गावाकडच्या गाडीलाही थोडं त्याच मापानं मोजावं लागतं. अर्थात सवलतीचा पैसा अमर्याद नाही, हेही तितकंच खरं. रिकाम्या गाडीवर तो जळत असेल तर त्याचा जाब विचारणं हेही आपलंच काम आहे.

मग आपण काय करू शकतो? चार गोष्टी सांगतो.

पहिली, तिकीट काढूनच बसा. दंडाची भीती आहेच, तिकीट नसेल तर भाड्याशिवाय कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात. पण त्याहून मोठं कारण आहे. रेल्वेच्या वहीत माणसं मोजली जातात ती विकलेल्या तिकिटांवरून. तिकीट न काढता बसलेली बाई गाडीत असते, हिशोबात नसते. खिडकीवर गर्दी असेल तर मोबाईलच्या ॲपवरूनही तिकीट निघतं.

दुसरी, लेकींचा पास काढा. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते शाळा-कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. शाळेचा किंवा कॉलेजचा दाखला लागतो. मागायला गेलंच नाही, तर हक्काचा पास नुसता नियमात राहतो.

तिसरी, वेळेची मागणी आकड्यासकट करा. "गाडीची वेळ बदला" एवढं म्हणून भागत नाही. गटानं एक महिना वही ठेवावी. गावातून नगरला किंवा बीडला किती जणी गेल्या, कशासाठी, किती वाजता निघाल्या, कशानं गेल्या, किती पैसे लागले. दहा गावांच्या गटांनी अशी वही केली तर तो कागद कुणालाही बाजूला सारता येणार नाही. त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्या. तो मध्य रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला आणि आपल्या खासदारांना पाठवा. रेल्वेच्या विभागात प्रवासी सल्लागार समिती असते, तिथंही तो मांडता येतो. तक्रारीसाठी १३९ हा नंबर आहेच.

चौथी, स्टेशनापर्यंतचा रस्ता मागा. रेल्वे आली, पण गावातून स्टेशनात जायला वाहन नाही, संध्याकाळी वाटेवर दिवा नाही, असं असेल तर बाई गाडीत बसणार कशी? ही मागणी रेल्वेकडं नको, ती ग्रामपंचायतीकडं आणि एसटी आगाराकडं करायची. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती नगरहूनच, पुण्याला. एसटी आणि रेल्वेनं एकमेकींची गिऱ्हाइकं ओढण्यापेक्षा एकीनं दुसरीला माणसं आणून द्यावीत.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मावशींना आम्ही एवढंच सांगितलं, की रेल्वेचं आपलं तिकीट आधीच अर्ध्याहून कमी आहे आणि उरलेलं आपण सगळे मिळून भरतो. त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे पैसे आपले, मग गाडीची वेळ दुसऱ्यानं का ठरवायची?" पुढच्या बैठकीला वही त्याच आणणार आहेत.

गटात चर्चेसाठी : एक, आपल्या गावातून महिन्याला किती जणी नगर किंवा बीडला जातात? दोन, गाडी किती वाजता सुटली तर त्यातल्या निम्म्या जणी तिनं जातील? तीन, गाडीचं तिकीट दहा रुपयांनी वाढलं आणि एक फेरी जास्त मिळाली, तर चालेल का? कुणाला चालेल आणि कुणाला नाही?